व्हॅनच्या मागचं बाजूला उघडणारं कॅरियर : खडखड, लोंबणं आणि दुरुस्ती

रानवाट

नमस्कार मंडळी,

आमची गाडी फोक्सवॅगन टी३, कॅम्पर केलेली. मागे डाव्या कोपऱ्यात बिजागरीवर फिरणारं कॅरियर आहे. चौकोनी पाइपचा एक आडवा हात, त्यावर स्टेपनी आणि हत्यारांची पेटी. हात दारासारखा डावीकडे उघडतो आणि उजव्या टोकाला खटक्यात अडकतो. ही गाडी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हिचं इंजिन मागे आहे आणि ऑइलची डिपस्टिक मागच्या नंबरप्लेटच्या झडपेआड असते. त्यामुळे नुसतं ऑइल बघायचं म्हटलं तरी कॅरियर उघडावं लागतं. रोजच्या वापरातली वस्तू आहे ही, आणि तीच आता त्रास देतेय.

बंद करताना उजवं टोक एका हाताने उचलून धरावं लागतं, नाहीतर खटका बसत नाही. खराब रस्त्यावर मागून सतत खडखड येते. आधीच्या मालकाने खटका बदलून मोठा बसवला होता, त्याचीही कडी आता वाकलीये. वरच्या बिजागरीच्या प्लेटखाली रंगाला बारीक चीर दिसतेय. चीर फक्त रंगाला आहे की पत्र्याला, ते अजून खरवडून पाहिलेलं नाही.

मापं देतो. दोन बिजागऱ्यांमधलं उभं अंतर ४०० मिमी. दोन्हींच्या पिना वेगवेगळ्या, २५ मिमी जाडीच्या, बॉडीकडच्या कंसात पक्क्या बसवलेल्या. बुश (पिनेवर बसणाऱ्या छोट्या नळ्या) हातात आहेत, ते पिनेभोवती फिरतात. हाताची लांबी १४०० मिमी. स्टेपनी, पेटी आणि हात धरून वजन ६० किलोच्या आसपास. टोक धरून वर-खाली केलं तर २ मिमीपेक्षा थोडं जास्त हलतं.

प्रश्न एवढाच, जाड पाइपचं नवीन कॅरियर करून घ्यावं, की हेच नीट होईल?

सहावागिअर

वाचतोय. आमचं कॅरियर मागच्या दाराच्या पल्ल्यावरच बसवलेलं आहे, पण खडखड अगदी हीच. नंतर सविस्तर लिहितो.

जुनापाना

नवीन करू नका. पाइप जाड केलात तर वजन वाढेल आणि दुखणं तिथेच राहील. तुमच्या मापांतूनच बरंच कळतंय.

टोक २ मिमीच्या वर हलतं म्हणालात. ४०० मिमीवर दोन बिजागऱ्या आणि १४०० मिमीचा हात, म्हणजे बिजागरीतला खेळ टोकाला साडेतीन पट होऊन दिसतो. वर-खाली दोन्ही बुशांत प्रत्येकी ०.३ मिमी प्ले धरला, तर टोकाला एकूण २.१ मिमी येतो. म्हणजे पाइप वाकलेला नाही, बुश गेलेत. २५ मिमीच्या पिनेवर ०.३ मिमी हा काही भयंकर आकडा नाही, पण लांब हातावर तो लपत नाही.

आता वजन. ६० किलो, मध्य बिजागरीपासून ७०० मिमीवर. हात अधांतरी लोंबत असेल तर बिजागरीवर सुमारे ४१२ न्यूटन मीटरचा पीळ येतो. ४०० मिमी अंतराने भागलं की १०३० न्यूटन, म्हणजे प्रत्येक बिजागरीवर सुमारे १०५ किलोची आडवी ओढ. वरची बाहेर खेचली जाते, खालची आत ढकलली जाते. ही गाडी उभी असतानाची गोष्ट झाली. खड्ड्यात हाच भार तिप्पट झाला तर ३०० किलोच्या वर जातो, आणि एका प्रवासात असे खड्डे किती येतात ते तुम्ही जाणताच.

आता उजवं टोक कशावर तरी पक्कं टेकलंय असं धरा. निम्मं वजन, ३० किलो, तिथे उतरतं. बिजागरीकडे निम्मं वजन फक्त खाली येतं आणि पीळ जवळजवळ संपतो. तेच कॅरियर, तोच पाइप, त्याच बिजागऱ्या. म्हणून या प्रकारच्या कॅरियरमध्ये माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग मोकळ्या टोकाखालचा टेका आहे. बहुतेक घरगुती कॅरियरमध्ये तोच नसतो, किंवा असून झिजलेला असतो.

खटक्याचं काम हात ओढून धरणं. त्याला वजन उचलायला लावलं की कडी वाकणारच. आधीच्या मालकाने खटका मोठा केला, पण वजन तसंच त्याच्यावर ठेवलं, म्हणून तोही वाकला.

आधी एक करा. कॅरियर बंद करून, खटका सोडून, टोकाखाली छोटा जॅक लावा आणि टोक हलकेच २-३ मिमी उचला. मग हात धरून हलवून बघा. खडखड बंद झाली तर तुम्हाला टेका हवाय. तरीही आवाज आला तर नट-बोल्ट आणि पेटीची बैठक बघू.

रानवाट

@जुनापाना, जॅक लावून पाहिलं. टोक उचलल्यावर हात एकदम घट्ट, कसलाच आवाज नाही. आणि टेका म्हणावा तर उजवीकडे नुसता एक अँगलचा तुकडा आहे. त्यावर पूर्वी रबर असावं, आता फक्त डाग उरलाय. हात त्याला टेकतच नाही, मध्ये फट आहे.

लेथवाला

जुनापाना यांच्याशी सहमत. टेका हवाच. पण बुशही आताच बदलून टाका, नाहीतर टेका केल्यावरही टोक दरवेळी वेगळ्या उंचीवर येईल आणि टेक्याचं माप लागणार नाही.

पिना काढल्यावर त्यांच्याकडे नीट बघा. झीज कुठल्या बाजूला आहे ते सांगा, त्यावरून पुष्कळ कळतं.

बुशसाठी फॉस्फर ब्राँझ घ्या, आतून ग्रीसची खाच काढून, आणि बुशच्या घरात, म्हणजे तो ज्या नळीत बसतो तिच्यात, ग्रीस भरायच्या निपलसाठी भोक. धातूचे कण दाबून केलेले, सच्छिद्र, तेल भरलेले ब्राँझ बुशही चालतात, पण त्यांना साध्या रीमरने (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) आतून खरवडू नका. छिद्रं बुजतात आणि तेल बाहेर यायची वाट बंद होते. प्लॅस्टिकचे हवे असतील तर पॉम घ्या. नायलॉन नको. नायलॉन पाणी शोषून फुगतं, पावसात हात जड होतो आणि उन्हात पुन्हा ढिला. पॉमला तो त्रास नाही म्हटलं तरी चालेल.

माप सांगतो. २५ मिमी पिनेला ब्राँझ बुशचं आतलं माप २५.०५ च्या आसपास. बाहेरून बुश घरापेक्षा तीन ते पाच शतांश मिमी मोठा, म्हणजे दाबून बसतो. दाबला की आतला व्यास थोडा कमी होतो, म्हणून शेवटचं रीमिंग बसवल्यावरच. आणि दोन्ही घरांतून एकाच लांब रीमरने, एका रेषेत. दोन बुश वेगवेगळे रीम केले आणि रेषा किंचित चुकली तर नव्या कोऱ्या बुशांतही हात अडकतो, मग लोक कंटाळून बुश ढिले करतात. बुश बसवण्याआधी काही तास फ्रीजरमध्ये ठेवा. ३० मिमीचा ब्राँझ बुश साधारण दोन शतांशाने आकसतो. ऐकायला थोडं वाटतं, पण हातातल्या हातोडीला फरक कळतो.

जमलं तर दोन छोट्या पिनांऐवजी वरपासून खालपर्यंत एकच लांब पिन करा. रेष आपोआप राहते.

वळणवाट

मी वेगळं सुचवते. ट्रेलरच्या चाकाचा हब आणि स्टब अॅक्सल उभा करून त्यावर हात बसवला की आयुष्यभराची काळजी मिटते. टेपर रोलर बेअरिंग, शेकडो किलोंसाठी बनलेलं, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि प्ले आला तर नट थोडा आवळला की झालं. माझं कॅरियर असंच आहे आणि एका बोटाने उघडतं.

लेथवाला

@वळणवाट, एका बोटाने उघडतं हे खरंच, आणि ताकदीचाही प्रश्न नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. रोलर बेअरिंगला फिरायला हवं असतं. फिरलं की ग्रीसचा थर रोलरखाली पुन्हा पुन्हा जातो. कॅरियरचं बेअरिंग हजारो किलोमीटर एकाच जागी थांबून फक्त थरथरतं. त्या थरथरीने रोलरखालचं ग्रीस बाजूला सरकतं, धातू धातूला घासतो आणि कपवर (बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर) रोलरच्या अंतराने आडव्या खुणा पडतात. नंतर हात फिरवताना टक-टक असं अडखळल्यासारखं लागतं. बुशमध्ये भार मोठ्या पृष्ठभागावर पसरतो, त्यामुळे त्याला हे कमी सतावतं.

तुमचं छान चाललंय तर बदलू नका. पण टोकाला पक्का टेका ठेवा, म्हणजे प्रवासात बेअरिंगवर थरथर कमी पोचेल. आणि अधूनमधून हात पूर्ण उघडून-मिटून ग्रीस फिरवत जा.

वळणवाट

हे माहीत नव्हतं. उघडताना मधे एका ठिकाणी किंचित अडखळतं खरं, मी ते ग्रीस घट्ट झाल्यामुळे समजत होते. उघडून कप बघते. टेका माझ्याकडे आहे, त्यामुळे अजून फार झालं नसावं.

पत्रेकाम

चिरेबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. रानवाट, ती चीर आधी बघा, बाकी सगळं नंतर.

हात बंद असताना वरच्या बिजागरीची ओढ गाडीच्या मागच्या पत्र्याला समांतर असते. हात ९० अंशात उघडला की तीच ओढ पत्र्यातून सरळ बाहेर येते. पत्रा समांतर ओढ सहन करतो, सरळ बाहेरची नाही. व्हॅनचा पत्रा एक मिमीच्या आतबाहेर. त्यावर नुसत्या वॉशरने बोल्ट आवळला असेल तर प्लेट दरवेळी किंचित उचलते, आणि प्लेटच्या खालच्या किंवा वरच्या कडेला चीर जाते.

रंग खरवडा, चमकता पत्रा दिसू द्या, मग डाय पेनिट्रंटचा, म्हणजे चीर दाखवणाऱ्या लाल रंगाचा फवारा मारा. लाल रेघ उमटली तर चीर पत्र्यात आहे. चिरेचं टोक सापडलं की तिथे ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे ती पुढे धावणार नाही. हा तात्पुरता उपाय, पण तो आजच करता येतो.

कायमचं करायचं तर आतून अस्तराची प्लेट हवी. ३ ते ४ मिमी जाड, बाहेरच्या प्लेटपेक्षा बरीच मोठी आणि चारही कोपरे गोल. टोकदार कोपऱ्यावर पुढची चीर सुरू होते. बोल्ट पोकळ खांबातून जात असेल तर आत नळीचा तुकडा घाला, खांबाच्या रुंदीइतकाच. नाहीतर बोल्ट आवळताना खांब दबतो, दबलेला खांब हळूहळू सैल पडतो आणि तुम्ही पुन्हा आवळता, असं चक्र चालू राहतं. नळी घातली की एम१० च्या ८.८ दर्जाच्या बोल्टला ४५ न्यूटन मीटरपर्यंत निर्धास्त आवळता येतं.

भोकांच्या कडा फाइल करून प्राइमर लावा, मगच बोल्ट. सीलंट पॉलियुरेथेनचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला लावू नका, सुकताना त्यातून आम्ल सुटतं आणि त्याखालीच गंज धरतो.

आणि एक कळकळीची विनंती. गाडीवर वेल्डिंग करणार असाल तर त्या जागेच्या आतलं लाकूड, फोम, कापड, वायर सगळं आधी काढा. कॅम्परमध्ये पत्र्यामागे इन्सुलेशन असतं, बाहेरून दिसत नाही. ते धुमसत राहतं आणि पेट बराच वेळाने घेतं. गॅसची टाकी गाडीतून बाहेर, बॅटरीच्या तारा सोडलेल्या, अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ, आणि वेल्डिंग झाल्यावर निदान तासभर माणूस तिथेच. शक्य असेल तिथे मी गाडीवर वेल्डिंग करतच नाही. कंस बाहेर बनवतो आणि बोल्टने बसवतो.

सहावागिअर

आता माझं. उंच छपराची व्हॅन, मागे दोन पल्ल्यांची दारं. उजव्या पल्ल्यावर अॅल्युमिनियमचं कॅरियर, स्टेनलेसचे बोल्ट. स्टेपनीसकट ४५ किलो असेल. दार लावताना शेवटी धक्का द्यावा लागतो, आणि अॅल्युमिनियमच्या पायाशी पांढरी भुकटी जमतेय. टेक्याचा मुद्दा माझ्या बाबतीत कसा लागू होईल? माझा हात म्हणजे दारच आहे.

जुनापाना

@सहावागिअर, तत्त्व तेच. तुमच्या दाराच्या बिजागऱ्या दाराच्या वजनासाठी बनल्यात, त्यावर तुम्ही ४५ किलो टांगलेत. पहिलं काम, दार किंचित उघडून कडेला धरून वर उचला. खेळ जाणवला तर बिजागरीच्या पिना बघायला हव्यात. दुसरं, दाराच्या खालच्या मोकळ्या कडेला आणि चौकटीला पाचर आणि खोबण अशी जोडी बसवा. बऱ्याच व्हॅनच्या सरकत्या दाराला कंपनीच अशी जोडी देते, दार मिटलं की पाचर खोबणीत बसते आणि कुलपावर वजन येत नाही. तिसरं, व्हॅनच्या किंवा कॅरियरच्या पुस्तकात दारावरच्या भाराची मर्यादा दिलेली असेल तर तिच्या आत राहा. दाराचा बाहेरचा पत्रा एकटा काहीच धरत नाही, पाय आतल्या चौकटीपर्यंत गेलेत ना ते पॅनल काढून पाहा.

पत्रेकाम

पांढरी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियम झिजतंय. स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम ओले होऊन एकमेकांना लागले की अॅल्युमिनियमचा बळी जातो, स्टेनलेस तसंच चकचकीत राहतं. बोल्ट काढा, भुकटी ब्रशने पूर्ण घासा, बोल्टभोवती प्लॅस्टिकची बाही, वॉशरखाली प्लॅस्टिकचा वॉशर, आणि बोल्टच्या आट्यांवर गंजरोधक पेस्ट. पायाखालीही पातळ प्लॅस्टिकची पट्टी. स्टेनलेसची ढेबरी (नट) कोरडी आवळू नका, आटे एकमेकांत चिकटून जाम होतात आणि शेवटी ती कापावी लागते.

पाय वेल्ड केलेला असेल तर वेल्डच्या शेजारची जागा भिंग घेऊन बघा. ६०६१ जातीचं टी६ अॅल्युमिनियम चांगलं मजबूत असतं, पण वेल्डच्या उष्णतेने त्याच्या बाजूची पट्टी मऊ पडते, ताकद जवळपास निम्म्यावर येते. चीर नेमकी तिथेच जाते.

रानवाट

मंडळी, पिना निघाल्या. पेनिट्रेटिंग तेल घालून रात्रभर ठेवल्या होत्या, तरी खालची हलायला तयार नव्हती, मऊ पितळी दांडा लावून ठोकावी लागली.

लेथवाला यांनी झिजेची बाजू विचारली होती. वरची पिन फक्त डाव्या बाजूने झिजलीये. तिथे आरशासारखी चकाकी आणि नखाला जाणवेल इतकी पायरी, उजव्या बाजूला मूळचा काळा रंगही शाबूत. खालची पिन बरोबर उलट, उजवीकडून झिजलेली. डाव्या बाजूला तपकिरी गंजाचं कवच. बुश गोल राहिलेच नाहीत, अंडाकृती झालेत. निपल होता, पण त्याचं भोक बुशपर्यंत गेलेलंच नव्हतं. ग्रीस घरातच साठून दगड झालं होतं.

चीर पत्र्यातच आहे, लाल रेघ आली. सुमारे ३० मिमी लांब. टोकाला भोक पाडून ठेवलंय. आत बघितलं तर अस्तराची प्लेट नाहीच, चार मोठे वॉशर.

लेथवाला

हेच पाहायचं होतं. हात उजवीकडे लोंबतो तेव्हा वरचा बुश पिनेला डावीकडून दाबतो आणि खालचा उजवीकडून. झीज उघडझाप करताना झाली असती तर ती पिनेभोवती पाव फेरा तरी पसरली असती. तुमची एकाच बाजूला, पायरी पडण्याइतकी. म्हणजे झीज बंद असताना, धावत्या गाडीत झालीये. हात अधांतरी लोंबत होता आणि रस्ता त्याला हातोडीसारखा ठोकत होता.

जुनापाना

आता टेक्याचं सांगतो, कारण यात थोडा विचार लागतो.

चौकटीवर उतरती पाचर बसवायची आणि हाताच्या टोकाखाली पॉमची पट्टी. हात मिटताना शेवटच्या २० मिमीत पट्टी पाचरेवर चढते आणि टोक अडीच-तीन मिमी उचललं जातं. पाचरेचा कोन ८ अंशांच्या आसपास ठेवा. २० मिमीवर २.८ मिमी उचल मिळते. जास्त तिरका केलात तर पट्टी स्वतःहून बाहेर घसरायला बघेल आणि सगळा ताण पुन्हा खटक्यावर येईल. पोलाद आणि पॉमचं घर्षण बेताचंच असतं, म्हणून पाचरेवर ग्रीस अजिबात लावू नका. ३० किलो अशा पाचरेवर चढवायला दहा किलोच्या आसपास जोर लागतो. हात मिटताना तळव्याने ढकललं तरी पुरतं.

पाचर एकटी पुरत नाही. खड्ड्यानंतर टोक वरही उडतं. म्हणून टेका आडव्या यू आकाराचा करा. खाली पाचर, वर रबराची गादी, मध्ये हाताची जीभ शिरते. खटक्याने हात आत ओढला की जीभ खालीही दबलेली आणि वरूनही अडलेली. बोल्टची भोकं लांबट ठेवा, म्हणजे टेका वर-खाली सरकवून माप लावता येईल. माप लागलं की दोन डोवेल पिना (जागा पक्की धरणाऱ्या घट्ट पिना) ठोकून जागा पक्की करा, नुसत्या घर्षणावर सोडू नका.

टेका ज्यावर बसेल ते बंपरचं पत्र्याचं टोक नसावं. चासीच्या दांड्यापर्यंत कंस न्या.

आणि आणखी एक, बिजागरीची पट्टी नवीन करताय तर दोन बिजागऱ्यांमधलं अंतर वाढवता येतं का बघा. ४०० चं ६०० मिमी झालं तर उघडल्यावरची ओढ १०५ किलोवरून ७० वर येते. उघडा हात तर अधांतरीच राहणार ना, तिथे टेका कामाला येत नाही.

वळणवाट

उघड्या हाताबद्दल माझी एक भर. ओळंबा लावून बिजागरीची रेष उभी आहे का ते दोन्ही दिशांनी बघा. रेष कलली असेल तर सपाट जागेवरही हात आपोआप फिरतो. गाडीच कललेली असेल तर काय होतं तेही बघा. ५ अंशांच्या उतारावर ६० किलोचं कॅरियर साधारण ५ किलोच्या जोराने खाली धावतं, आणि तेव्हा तुम्ही नेमके डिपस्टिक काढायला वाकलेले असता.

हात उघडा धरणाऱ्या गॅस स्ट्रटवर (वायू भरलेल्या दांड्यावर) एकट्यावर भिस्त ठेवू नका. आतला वायू थंडीत आकसतो. २० अंशांवरून उणे १० वर गेलं की जोर दहाएक टक्क्यांनी कमी होतो, आणि जुना स्ट्रट कधी सुटेल ते सांगता येत नाही. मी बिजागरीखाली भोकांची प्लेट आणि स्प्रिंगची खुंटी लावलीये. ९० अंशांवर आणि पूर्ण उघडल्यावर खुंटी आपोआप भोकात पडते. काढायला हाताने ओढावी लागते, आणि ते तसंच हवं.

खटक्यालाही सुरक्षा-कडी हवीच. मध्यबिंदू ओलांडून बसणारा टॉगल खटका चांगला, पण धक्क्याने उलटा फिरू नये म्हणून त्यावर छोटी पिन. शिवाय खटक्यापासून वेगळी, दुसरी जाड पिन जिभेतून आरपार. एक निकामी झाला तरी दुसरी धरते. मी टेक्यात चुंबकी स्विच बसवून डॅशबोर्डवर लाल दिवा आणलाय, जीभ पूर्ण आत नसेल तर पेटतो.

पत्रेकाम

अॅक्सलवर येणाऱ्या वजनाचं कोणी लिहिलं नाही. टी३ चा व्हीलबेस २.४६ मीटर. कॅरियरचा भार मागच्या अॅक्सलच्या १.३ मीटर मागे धरला तर ६० किलोमुळे मागच्या अॅक्सलवर ९२ किलो वाढतात आणि पुढची चाकं ३२ किलोंनी हलकी होतात. इंजिन आधीच मागे. त्यामुळे पेटीतली जड हत्यारं गाडीत दोन अॅक्सलच्या मध्ये ठेवा आणि पेटीत हलकं सामान. कॅरियरसाठीही बरं, स्टिअरिंगसाठीही. मागच्या टायरची हवा आणि हेडलाइटचा झोत नंतर पुन्हा तपासा, मागची बाजू बसली की झोत वर जातो.

रानवाट

काम झालं. बरंच सांगण्यासारखं आहे, पण मुद्द्याचं लिहितो.

बिजागरीची पट्टी नवीन केली. अंतर ६०० जमत नव्हतं, मागच्या दिव्याच्या वरच्या कडेला अडत होतं, ५२० झालं. एकच लांब पिन, ब्राँझ बुश, दोन्ही एका रीमरने. निपलचं भोक आधी वायर घालून तपासलं, मग ग्रीस दाबलं, दोन्ही तोंडांतून स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत. आत ४ मिमीची अस्तराची प्लेट, खांबात नळ्या. चिरेचं वेल्डिंग अस्तर बसवण्याआधी, आतलं सगळं काढून करून घेतलं.

टेका जुनापाना यांच्या मापांनी केला. पहिल्यांदा हात मिटला तेव्हा जीभ पाचरेवर चढतानाचा तो दबका 'टप्प' ऐकून फार बरं वाटलं. खटका आता दोन बोटांनी लागतो. जुनाच खटका ठेवलाय, फक्त कडी सरळ करून. खराब रस्त्यावर नेऊन आणलं, मागून आवाज नाही. टोक धरून हलवलं तर गाडीच हलते.

दोन शंका राहिल्यात. पेटीमुळे एक दिवा अर्धा झाकला जातो, म्हणून हातावर दिव्यांची आणि नंबरप्लेटची पट्टी लावायची आहे. वायर बिजागरीतून कशी न्यावी? आणि पॉमची पट्टी बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

वळणवाट

वायर पिनेच्या शक्य तितक्या जवळून न्या, आणि तिथे तिला एक सैल वेढा द्या, म्हणजे उघडताना ती ताणली न जाता फक्त पिळली जाईल. बारीक तारांची लवचीक केबल घ्या, जाड एकाच तारेची तुटते. दोन्ही बाजूंना, वेढ्याच्या आधी आणि नंतर, क्लिपने पक्की धरा. वेढ्याचं पोट खाली राहू द्या, पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं, जोडणीत शिरत नाही. हात पूर्ण उघडा असताना आणि पूर्ण मिटलेला असताना, दोन्ही वेळा दिवे लावून बघा. जुनी नंबरप्लेट हाताआड जात असेल तर नवी जागा आणि तिच्यावरचा दिवा तुमच्या नोंदणीच्या नियमात बसतो का, ते आधी पाहून घ्या.

जुनापाना

पट्टीसाठी सोपी खूण करा. हात मिटण्याआधी, जीभ पाचरेला नुसती टेकते त्या जागी पाचरेच्या बाजूला रंगाची बारीक रेघ मारा. पट्टी झिजत जाईल तसं टेकण्याची जागा आत सरकेल. ८ अंशांच्या पाचरेवर १ मिमी झीज म्हणजे रेघेपासून सुमारे ७ मिमी आत. तेवढं झालं की टेका लांबट भोकांत वर घ्यायला डोवेल काढत बसू नका, पट्टी आणि हात यांच्यामध्ये १ मिमीचा पत्रा घाला. दुसऱ्यांदा तेवढंच झिजलं की पट्टी नवीन.

आणि आता बुश नवीन आहेत, ते बसतात. पहिल्या मोठ्या प्रवासानंतर सगळे बोल्ट एकदा टॉर्क पान्याने तपासा, विशेषतः अस्तराच्या प्लेटचे, कारण त्यांच्याखालचं सीलंट दबतं.

सहावागिअर

दाराच्या पाचरेसाठी जागा सापडली, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात. उजव्या दाराच्या वरच्या बिजागरीची पिन झिजलेली निघाली. ती बदलून मग मापं टाकतो, याच धाग्यावर.